चौदा हंडे पाणी

बारामतीत घर गरम ठेवायचं यंत्र बसवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझा बाप होता. ज्या गावात वर्षातले आठ-नऊ महिने माणसं पदरानं नाहीतर विंझण्यानं वारा घेत उकाड्याला शिव्या घालतात, तिथं आबांनी उरलेल्या तीन महिन्यांसाठी भिंतीलगत लोखंडी नळ्या फिरवल्या, परसात भट्टी बांधली आणि माळवदावर टाकी चढवली. तेही सगळ्या घरासाठी नव्हे, एका खोलीसाठी. ती खोली बाळंतिणीची, आणि बाळंतीण मी. सतरा संपून अठरावं लागलं होतं, इंदापूरला सासर होतं, आणि पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे माहेरी आले होते. आले तेव्हा दारात ओवाळायला आई उभी होती आणि तिच्या मागे, आरतीचं तबक ओलांडून, आबा मला सांगत होते की पाणी तापलं की हलकं होतं आणि आपल्या पायानं वर चढतं, त्याला कुणी ढकलावं लागत नाही. मी सोळा कोसांची बैलगाडी अंगात मुरवून आले होते. मला त्या घटकेला पाण्याच्या पायांपेक्षा माझ्याच पायांची काळजी होती.

आबा कालवा खात्यात ओव्हरसियर होते. गावाच्या तोंडी त्याचं ‘ओवरशेर’ झालं होतं आणि आबांना तेच आवडायचं. सारी नोकरी बारामती ते इंदापूर या पट्ट्यात, कालव्याच्या भरावावरून सायकल हाणत गेली. पाणी सोडायचं, पाणी अडवायचं आणि पाणी कोण चोरतंय ते शोधायचं, एवढंच त्यांचं काम, आणि त्यात ते वस्ताद होते. उसाच्या फडात लपवलेला चोरपाट त्यांना नुसत्या मातीच्या रंगावरून कळायचा. पेन्शनीत निघाल्यावर मात्र मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते घरातलं मोजू लागले. अंघोळीला किती तांबे, म्हशीला किती बादल्या, आईच्या हातून डेऱ्यातलं किती सांडतं. आई म्हणायची, “आता माझं आसू बी मोजा.” ते मोजलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं.

या यंत्राची कल्पना त्यांना एका गोऱ्या इंजिनिअर साहेबानं दिली होती. इंदापूरच्या बंगल्यावर पाऊस उघडायची वाट बघत बसला असताना घरच्या आठवणीनं तो साहेब हळवा झाला आणि त्यानं सांगितलं, की आमच्याकडं जाळ एकाच ठिकाणी करतात आणि ऊब खोल्याखोल्यांतून फिरते. धूर कुठंच नसतो. पाणी-अर्जाच्या कोऱ्या पाठीवर त्यानं चित्रही काढून दिलं. साहेब बदलून गेला, पण तो कागद आबांच्या ट्रंकेत राहिला. मला दिवस गेल्याचं इंदापूरहून कळलं त्याच दिवशी तो बाहेर निघाला.

सगळं काम हुसेन मिस्त्रीनं केलं. तो इंदापूरचाच, बागायतदारांची तेलाची इंजिनं आणि पंपाचे नळ दुरुस्त करणारा, जिभेनं तिखट आणि हातानं मऊ. परसात विटांच्या भट्टीवर तांब्याचा भला थोरला बंद हंडा बसवला. त्याच्या डोक्यातून निघालेली नळी भिंत फोडून माझ्या खोलीत शिरायची, खिडकीखालून जाऊन तीन भिंतींना वळसा घालायची, बाजेच्या उशापायथ्याला ऊब देत उतरायची आणि गार होऊन पुन्हा हंड्याच्या बुडात यायची. कमी पडेल ते पाणी माळवदावरच्या टाकीतून आपोआप उतरायचं. भट्टीत उसाची चिपाडं जाळायची. हंड्याच्या पायाशी एक तोटी होती, कधी पाणी काढायची वेळ आली तर. आबांनी हे सगळं तलाठ्याला समजावलं, वाण्याला समजावलं, कऱ्हाटीहून गवार घेऊन येणाऱ्या माळणीला समजावलं. लोक मान डोलवायचे आणि गल्ली ओलांडली की हसायचे. मीही हसत होते. फक्त एका माणसाला त्यांनी काही समजावलं नाही, आणि ती म्हणजे रोज हापशावरून कळशी-कळशीनं ती टाकी भरणारी माझी आई.

हसत होते खरी, पण मला ठाऊक होतं. आमच्या घरात जे कधी बोललं गेलं नाही, ते ठाऊक होतं. मी सहा वर्षांची असताना मला भाऊ झाला होता. पौषातली थंडी होती. बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती, सगळीकडे ठेवतात तशी. वारं लागू नये म्हणून आबांनी स्वतः खिडकी लावून घेतली आणि फटीला चिंध्या बोळल्या. सकाळी आईला कशीबशी शुद्ध आली. भावाला आली नाही. बारा दिवसांचा होता, नाव ठेवायचं त्याच दिवशी होतं. त्यानंतर आमच्या घरात कुठल्याही खोलीत शेगडी पेटली नाही, आणि आबा शेजाऱ्यांच्या शेकोटीलाही कधी बसले नाहीत. यंत्राला हसताना हे माझ्या मनात असायचं, आणि तरीही मी हसायचे. त्या वयात बापाच्या दुःखाची लाज वाटते. आज त्या लाजेची लाज वाटते.

मुलगी झाली ती आठव्या महिन्यात. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं तेव्हा सगळ्या बायका ठामपणे सांगायच्या. त्यांनी ते कुठून काढलं होतं देव जाणे. येसूबाई सुईण मात्र तसलं काही बोलली नाही. तिनं मुलीला पिंजलेल्या कापसात गुंडाळलं, नुसतं नाक-तोंड बाहेर ठेवलं आणि मला म्हणाली, “हिला दूध मागनं. आदी ऊब. ऊब हाय तवर ही हाय.” आबांचं यंत्र धडाडून पेटलं होतं. नळ्यांना हात लावला की शेकल्यासारखं व्हायचं, आणि पाणी वळणावरून जाताना भिंतीत कुणीतरी हळूच घोट घेतल्यासारखा आवाज यायचा. मी डिंकाचा लाडू खायचे, शेपूची भाजी आणि तुपात बुडालेली बाजरीची भाकरी खायचे, ओव्याचं पाणी प्यायचे आणि तो आवाज ऐकत पडायचे. दाराबाहेरून आबा विचारायचे, “नळी तापलीया का?” मुलगी कशी आहे, हे ते असंच विचारायचे. सोयर होतं, दहा दिवस कुणी पुरुषमाणूस त्या खोलीत पाऊल टाकणार नव्हता, तिला शिवणार तर मुळीच नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीखालचा सांधा गळायला लागला. आधी थेंब, मग धार. खाली जमीन सारवलेली. घटकाभरात बाजेच्या पायाशी चिखल झाला. ओली जमीन आणि पौषातलं वारं, दोन्ही तिच्यासाठी वाईट. त्यात दुसऱ्या दिवशी पाचवी होती आणि माझ्या सासूबाई इंदापूरहून येणार होत्या. त्यांचा निरोप आधीच आला होता: नात त्या लोखंडात कुडकुडताना दिसली तर सुनेला लेकीसकट गाडीत घालून नेईन आणि माझ्या घरी चार शेगड्या पेटवीन. निरोप्यानं हे हसत सांगितलं. आबा हसले नाहीत.

नशिबानं हुसेन मिस्त्री माळेगावच्या एका मळ्यात इंजिनाला बसला होता. दोन तासांत आला. पण आला आणि परसात उभा राहिला. सांधा आत, मिस्त्री बाहेर. आबांनी नोकरीभर कालव्याची दारं उघडायला लावली होती, पण बाळंतिणीच्या खोलीचं दार त्यांच्याही हातात नव्हतं. शेवटी असं ठरलं, की मिस्त्रीनं खिडकीबाहेर उभं राहून, पडद्याआडून सांगायचं आणि आत नळ आवळायचा पाना चालवायचा येसूबाईनं. येसूबाईनं पाना हातात घेऊन तोलून बघितला आणि म्हणाली, “माज्या हातनं दोनशे पोरं सुटली, ह्यो एक सांधा सुटंना व्हय?” मिस्त्री पडद्याआडून म्हणाला, “मावशे, पोरगं आपणहून भायेर येतंय. ह्यो येत न्हाय.”

पण आधी पाणी काढायला हवं होतं. यंत्रात सगळं मिळून छत्तीस हंडे पाणी. सगळं काढलं, तर पुन्हा भरून तापवायला संध्याकाळ होणार. आबांनी पाणी-अर्जाच्या पाठीवर हिशेब केला: टाकी रिकामी करायची आणि पाणी सांध्याच्या खाली येईल एवढंच काढायचं, खालच्या नळ्या आणि भट्टीवरचा हंडा भरलेला, ऊनऊन ठेवायचा. “चौदा हंडं,” ते म्हणाले. “पंदरावा न्हाय.” कालव्याचं दार चार बोटं उचलायला सांगावं तशा आवाजात म्हणाले. मिस्त्री म्हणाला, पाणी उतरताना खाली जाळ नको, आणि त्यानं भट्टीतली चिपाडं बाहेर ओढून विझवली. आबा तोटीशी पाट मांडून बसले, हातात कोळसा. एक हंडा भरला की भिंतीवर एक रेघ. गुडघे दुखत असल्यानं वर टाकीत डोकावायला त्यांना जाववत नव्हतं, आणि डोकावायची गरजही वाटत नव्हती. ते मोजत होते ना.

चौदा रेघा झाल्या. पडद्याआडून मिस्त्री म्हणाला, “मावशे, ढिला करा, सावकाश.” येसूबाईनं पाना फिरवला. सांध्यातून जोरात धार आली आणि तिच्या लुगड्यावर उडाली. तिनं तो पुन्हा आवळला आणि त्या यंत्राच्या आईचा उद्धार केला. आबांनी आणखी चार हंडे काढायला सांगितले. अठरा. धार तशीच. बावीस. तशीच. मी बाजेवर पडून ऐकत होते. बाहेर हंडा भरल्याचा आवाज, रेघ ओढल्याचा आवाज, आईच्या पायांतल्या जोडव्यांचा दगडी जिन्यावर आवाज. तो आवाज मला चांगला ऐकू येत होता. आई जिना का चढतेय, असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. बाई पाणी घेऊन चढते, उतरते; त्यात विचार कसला करायचा?

छत्तिसावी रेघ ओढली. यंत्र कागदावर कोरडं झालं होतं. येसूबाईनं सांधा सैल केला आणि पुन्हा तिच्या तोंडावर पाणी आलं. “आबासाहेब,” मिस्त्री म्हणाला, “नळीला झरा लागला म्हनायचा.” आयुष्यभर आबांनी कमी पडलेलं पाणी शोधलं होतं. जेवढं आहे त्याहून जास्त निघणारं पाणी त्यांना कधी भेटलंच नव्हतं, आणि त्याचा पंचनामा कसा करायचा, हे खात्यानं शिकवलं नव्हतं. ते पुढच्या रेघा ओढत राहिले. सदतीस. अडतीस.

या सगळ्यात नळ्या गार झाल्या होत्या. मला ते आधी पाठीला कळलं. मग मुलीच्या कापसात हात घातला आणि तिचे पाय हाताला लागले. हापशाचा दांडा सकाळी लागतो, तसे लागले. ओठांच्या कडा जांभळ्या होत्या. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी हाक मारली, “आबा, नळी गार झालीया.” बाहेरून उत्तर आलं, “थांब पोरी, मोजतोय.” येसूबाईनं मुलीकडं बघितलं, पाना खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, “सगुणे, शेगडी आनू का? दार उगडं ठिवू.” मी तिच्याकडं बघितलं. तीही भावाच्या वेळी याच खोलीत होती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग मी उठले. चौथ्या दिवसाची बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं, अंगाला हळदी-ओव्याचा वास. मुलीला पोलक्यात छातीशी धरलं आणि दार उघडून सरळ परसात गेले. मला एवढंच वाटत होतं, की भट्टीच्या विटा अजून ऊन असतील. माझंच अंग थंडीनं गार पडलं होतं. तिला माझी ऊब पुरत नव्हती. हुसेन मिस्त्रीनं मला बघितलं आणि झटकन भिंतीकडं तोंड केलं. विटांना हात लावला. त्या गार होत्या.

त्याच वेळी आई जिन्यावर होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, एक पाय माळवदाच्या पायरीवर. आबांनी वर बघितलं. मिस्त्रीनं पाणी हिंदकळल्याचं ऐकून, भिंतीकडं तोंड करूनच विचारलं, “आक्का, त्ये पानी कुटं चाललंय?”

“टाकीत,” आई म्हणाली. “दुसरं कुटं? तापलेलं पानी मातीवं वतत्यात व्हय? तेबी वल्या बाळंतिनीच्या घरात? आन चिपाडं जाळून तापवलंय, वाया कशाला घालवू? कवाधरनं चढतीया, माजं गुडगं ऱ्हायलं न्हायती. अवं, तुमी खालचं पानी काडताय, त्ये काडा की. मी वरचं भरतीया.”

खालचं आणि वरचं. टाकीतलं पाणी आणि नळीतलं पाणी एकच असतं, हे आख्ख्या बारामतीला ठाऊक होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. धरणीला चटका बसू नये, म्हणून ती सकाळपासून अडतीस हंडे माळवदावर चढवत होती, आणि तिचा नवरा तेच हंडे खाली काढून मोजत होता. आज हे सांगताना मला हसू येतं, आणि मी नातवंडांना सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात. त्या दुपारी कुणी हसलं नाही. मला वाटलं आता आबा ओरडतील. पाण्याच्या एका तांब्यावरून त्यांनी घर डोक्यावर घेतलेलं मी बघितलं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली आणि माझ्या पोलक्यातून दिसणाऱ्या त्या एवढ्याशा जांभळट तोंडाकडं गेली.

ते उठले. कोळशाचे हात धोतराला पुसले, सदऱ्याची बटणं सोडली आणि हात पुढं केले. आई जिन्यावरून म्हणाली, “अवं, सोयर हाय. शिवू नगा.” आबा म्हणाले, “गप ऱ्हा.” त्यांनी कापूस काढून टाकला आणि मुलीला तशीच उघडी सदऱ्याच्या आत, छातीच्या पांढऱ्या केसांवर धरलं, वरून बटणं लावली आणि वर घोंगडी घेतली. माझा बाप उष्ण अंगाचा माणूस. पौषातही घोंगडी पायाशी टाकून झोपणारा. ते पाटावर बसले ते बसलेच. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून जमिनीवर बसले. येसूबाई येऊन घोंगडीत हात घालून बघून जायची.

हुसेन मिस्त्री अजून भिंतीकडंच तोंड करून उभा होता. मग म्हणाला, “आबासाहेब, बाळंतीन भायेर हाय, तर ती खोली आता कशाची?” तो आत गेला. आईनं शेवटचा हंडा जिन्यावरच ठेवला. यावेळी पाणी निघालं ते खालच्या गवताच्या वाफ्यात गेलं, पुन्हा चढलं नाही. पाव तासात मिस्त्रीनं सांधा सोडला, सफेदा लावलेली सुतळी गुंडाळली आणि आवळला. जे सकाळी होऊ शकलं असतं, ते सगळ्या रीती पाळून झाल्यावर दुपारी झालं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. परसातली सावली हापशापर्यंत आली होती. घोंगडीतून आधी कुरकुर आली, मग बारीक, चिडका आवाज आला. येसूबाईनं हात घालून पाय चाचपले आणि पहिल्यांदा खाली बसली. “पाय ऊन झालं,” ती म्हणाली. मुलगी जगली. आज ती साठीला टेकली आहे, मला औषधं वेळेवर घेत नाही म्हणून ओरडते, आणि तिचा आवाज अजून तसाच बारीक आणि चिडका आहे.

आबांनी सदऱ्यात डोकावून बघितलं. ती त्यांच्या छातीवर तोंड फिरवत दूध शोधत होती. त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडं बघितलं नाही, आईकडं बघितलं. ती भट्टीशी उभी होती, पदर तोंडाला लावून. ते म्हणाले, “येवढीच ऊब लागत हुती व्हय गं?”

अकरा वर्षं त्या घरात माझ्या भावाचा उच्चार झाला नव्हता, आणि आताही झाला नाही. आई फक्त येऊन आबांच्या पाटाशी बसली आणि तिनं घोंगडीचं टोक त्यांच्या खांद्यावर नीट ओढलं. आतून हुसेन मिस्त्रीची हाक आली, “आबासाहेब, सांदा झाला. पानी सोडू? जाळ लावू?”

“थांब जरा,” आबा म्हणाले.